सातव्या पवनचक्कीची जागा

मित्रांनो, मी वारा मोजणारी एक जुनी भिंगरी आहे. भिंगरी हे माझं लाडाचं नाव. कंपनीच्या कागदांत माझं नाव इतकं लांबलचक होतं, की ते वाचून होईपर्यंत वाऱ्याची दिशा बदलायची. दिसायला मी साधी आहे. एक दांडा आणि त्यावर तीन काळ्या वाट्या. वारा आला की वाट्या गरागरा फिरतात, आणि किती फिरल्या ते माझी तार खालच्या पेटीला कळवते. बस्स, एवढंच माझं काम! पण ते मी इमानाने केलं आणि त्याचा मला भारी तोरा होता, हे आधीच कबूल करून टाकते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे प्रत्येक भिंगरीला एका बंद बोगद्यात ठेवून मोजूनमापून वारा सोडतात. माझ्यासोबतच्या दोघी त्या परीक्षेत नापास झाल्या. मी पहिल्या फटक्यात पास! मग मला भुशाच्या पेटीत निजवलं, आणि पेटी उघडली ती थेट मोरोक्कोत, समुद्रावरून दिसणाऱ्या हाहा डोंगरांत, इगुनान गावाच्या माथ्यावर. तिथे साठ मीटर उंच खांबाच्या टोकाला मला बसवलं. माझ्याखाली, जमिनीपासून चाळीस मीटरवर, माझ्यासारखीच दुसरी भिंगरी होती. तिला मी धाकटी म्हणायची.

मला सांभाळायचं काम गिझलान नावाच्या तरुण इंजिनिअर बाईकडे होतं. ती अगादीर शहरातली. दर महिन्याला धुळीने माखलेल्या गाडीतून यायची आणि पेटीतले आकडे वहीत उतरवून घ्यायची.

गावाला माझं कौतुक वगैरे काही नव्हतं. पहिल्याच दिवशी पाण्याचा कॅन पाठीला बांधून चढण चढणाऱ्या तूदा नावाच्या बाईने मान वर करून मला पाहिलं आणि म्हणाली, "चमचे तर आले. हरीराचं सूप कधी वाढणार?"

सगळे खो खो हसले. मी मात्र चांगलीच खट्टू झाले. चमचे म्हणे!

पण तूदाचं बोलणं नुसतं थट्टेचं नव्हतं. कंपनी पलीकडच्या डोंगरावर सहा पवनचक्क्या उभारत होती. त्यांची वीज शहराला जाणार होती. सातवी इगुनानच्या जागेत आली, तर तिच्या विजेवर खालच्या झऱ्याचं पाणी वर ओढायचं आणि गावात नळ द्यायचा, असं लेखी ठरलं होतं. तूदा पन्नाशीची, गुडघ्यांनी अधू. दिवसातून दोनदा झऱ्यावर उतरायची आणि दोनदा चढायची. सातवी आली नाही, तर नळही नाही.

आणि सातवी आली, तर अर्गानची अकरा झाडं जाणार होती. कारण वारा सगळ्यात जोरात होता तो डोंगराच्या माथ्यावर, आणि माथ्यावरच ही झाडं उभी होती. जमीन सगळ्या गावाची, पण झाडं ज्याची त्याची. त्यातली चार रकियाची. रकिया म्हणजे तूदाची वहिनी, भावाची बायको. भाऊ वारल्यापासून त्या चार झाडांच्या बिया फोडून, जात्यावर दळून तेल काढायचं, यावर तिचं घर चालत होतं.

नणंद-भावजयीचं रोज वाजायचं. तेही नेमकं माझ्या खांबाखाली, कारण वाट तिथूनच जायची.

"झाडं, झाडं करतेस वहिनी, माझ्या गुडघ्यांना विचार एकदा!"

"तुझ्या गुडघ्यांना तेल कोण चोळतं गं? ते काय नळातून येणार आहे?"

"वीज शहरात जाणार आणि घरघर आपल्या कानाशी राहणार, हे मलाही कळतं. पण धूर नाही, धग नाही, पाणी दारात! एवढं तरी पदरात पडू दे ना."

"पडू दे की. पण माझ्या झाडांवर पाय देऊन नको."

दोघींचंही खरं होतं. मला तर ज्या तावाने बोलेल तिचं पटायचं.

वर्ष सरलं. माथ्यावर वारा सेकंदाला सरासरी नऊ मीटर निघाला. कंपनी खूश झाली. तेव्हा गिझलाननेच एक वाट काढली. ती गावाच्या जमातीपुढे, म्हणजे पंचांच्या बैठकीपुढे बसली आणि म्हणाली, "माथ्याच्या खाली डोंगराला एक खांदा आहे. तिथे झाडं जवळजवळ नाहीतच. तिथे वारा निदान सात निघाला, तर सातवी तिथे उभारू. झाडंही राहतील, नळही येईल. पण सातच्या खाली गेला, तर माझ्या हातात काही नाही."

सात! रकियाने तो आकडा मनात असा घट्ट धरला, की बियांच्या टोपल्यासुद्धा सातच्या पुढे मोजेना.

खांब हलवायचा म्हणून आम्हाला खाली आडवं निजवलं. वर्षानंतर मी पहिल्यांदा जमिनीजवळ आले. कामगार चहाला गेले आणि रकिया ओढणीआड बाटली लपवून लगबगीने माझ्यापाशी आली. बाटलीत अर्गानचं तेल होतं. इगुनानमध्ये अर्गानच्या तेलाने बरं होत नाही असं काही नाही. केस गळतायत, लावा तेल. तान्हं रडतंय, चोळा तेल. दाराची बिजागरी कुरकुरतेय, सोडा दोन थेंब.

"वर्षभर थंडीवाऱ्यात उभी होतीस गं बाई," ती माझ्या वाटीवरून हात फिरवत म्हणाली. "सांधे धरले असतील तुझे. आता जरा जोराने फिर. माझी चार लेकरं तुझ्या हातात आहेत."

मित्रांनो, खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं! आजवर कोणी माझे लाड केले नव्हते. तिने एकेक वाटी निगुतीने चोळली आणि मानेच्या फटीत चांगलं चमचाभर तेल सोडलं. धाकटीची पाळी यायच्या आत कामगारांचे आवाज आले आणि रकिया पसार झाली.

खांद्यावर खांब उभा राहिला आणि पहिले दोन दिवस मी भन्नाट फिरले. तिसऱ्या दिवसापासून माझी मान जड होऊ लागली. तेलावर धूळ बसली, धुळीवर पुन्हा धूळ बसली, आणि सगळ्याचा चिकट लगदा झाला. वारा ढुश्या देतोय आणि मी ढिम्म! धाकटी खाली मजेत गरगर फिरत होती. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. खाली रकिया रोज हात जोडून उभी राहायची, आणि जिच्यासाठी ती उभी होती तिलाच मी बुडवत होते. बोलता येत नाही याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

तीन महिन्यांनी, वसंत सरता सरता, गिझलानबरोबर कंपनीचे मोठे साहेब आले. माझ्या खांबाखालीच जमात बसली. साहेबांनी आकडा वाचला. "साडेपाच. म्हणजे नाही. सातवी माथ्यावरच होईल. पुढच्या आठवड्यात क्रेन येते."

रकियाच्या तोंडचं पाणी पळालं.

गिझलान मात्र वहीत डोकं खुपसून बसली होती. "थांबा जरा," ती म्हणाली. "जितकं उंच जावं, तितका वारा जास्त लागतो. इथे खालची भिंगरी सात दाखवतेय आणि वरची साडेपाच! डोंगर उलटा झाला की काय? वरच्या भिंगरीला काहीतरी झालंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. रकिया हळूच उठली.

"मी तिला तेल लावलं," ती म्हणाली. "अर्गानचं. चांगलं होतं, घरचं."

मग तूदाने कपाळावर हात मारला. "अगं वहिनी! यंत्राला न्हाऊमाखू घातलंस? तीट लावायची तेवढी राहिली!"

जमात हसून लोळायची बाकी राहिली. गिझलानचा तर चष्मा घसरला. साहेब हसले नाहीत. "ही यंत्राशी छेडछाड आहे. खांद्यावरची सगळी मोजणी बाद. आता पुन्हा मोजत बसायला वेळ नाही. क्रेन येणारच."

रकिया खाली बसली. आपल्याच मायेने आपला घात केला, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिचा चेहरा मला वरून बघवेना.

तेव्हा बिही बोलला. बिही म्हणजे गावाचा म्होरक्या, सत्तरीचा, कमी बोलणारा. "साहेब, क्रेन कधी येते म्हणालात?"

"पुढच्या सोमवारी."

"मग नाही येत. रविवारपासून अगदाल."

अगदाल म्हणजे अर्गानच्या रानाची बंदी. फळं पिकायला लागली, की चार महिने रानात कोणी पाऊल टाकायचं नाही. फळं वेचायची नाहीत, फांदी तोडायची नाही, शेळीसुद्धा सोडायची नाही. बंदी उठल्याचं बिहीने जाहीर केलं, की मगच सगळ्यांनी मिळून आत जायचं. आजे-पणजेही असंच वागत आले होते.

"पण आमची कामं अडतील!" साहेब म्हणाले.

"सख्ख्या सुनेची शेळी मी दंड करून बाहेर काढली आहे," बिही शांतपणे म्हणाला. "तुमची क्रेन काय शेळीपेक्षा मोठी लागून गेली?"

"आहे की मोठी!" मागून कोणीतरी बोललं आणि पुन्हा हशा पिकला. पण बिही जागचा हलला नाही. जमीन गावाची होती, आणि जमातीच्या शब्दाशिवाय करार पुढे सरकत नव्हता.

गिझलानने संधी साधली. "चार महिने आहेत ना? हेच तर आपले वाऱ्याचे महिने. मागच्या वर्षी याच महिन्यांत माथ्यावर किती वारा होता ते माझ्या वहीत आहे. दोन्ही ताडून पाहिलं, की वर्षाचा अंदाज पक्का काढता येईल."

साहेबांनी मान डोलावली. जमातीने बजावलं, की खांब माळावर आहे, राखणीच्या रानात नाही, म्हणून त्यापुरतं येणं-जाणं चालेल. सगळ्यांना आनंद झाला, एका तूदाला सोडून. "म्हणजे आणखी चार महिने चढ-उतार!" ती म्हणाली आणि कॅन उचलून तरातरा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मला खाली उतरवलं, उघडलं, पुसून लख्ख केलं आणि पुन्हा वर चढवलं. मग समुद्रावरून तारोस सुटला. आमच्याकडच्या वाऱ्याचं हे नाव. काय फिरले मी! रकियासाठी दोन फेऱ्या जास्त माराव्यात असं फार वाटायचं. पण आपल्याला तेवढं जमत नाही. वारा असेल तितकंच फिरायचं, एकही फेरी जास्त नाही, एकही कमी नाही.

अगदाल उठायच्या आदल्या दिवशी भर दुपारी पुन्हा माझ्या खांबाखाली जमात भरली. रकिया पुढे बसली होती, तूदा शेवटी, कॅनला टेकून.

"सात पूर्णांक दोन," गिझलानने वाचलं. "माथ्यापेक्षा वीज कमी होईल, पण पाणी ओढायला पुरून उरेल."

बायकांनी जिभा हलवून असा जल्लोष केला, की खालच्या शेळ्या बिथरल्या. रकिया रडतही होती आणि हसतही होती.

"अजून एक सांगायचं आहे," गिझलान म्हणाली. शेजारी बसलेला, रस्ता आखणारा कंपनीचा मोजणीदार हळूच कुजबुजला, की ते पत्राने कळवू. "नाही, इथेच सांगते. खांद्यावर जाणारा रस्ता वळणावर रुंद करावा लागेल. पवनचक्कीच्या पात्यांची लांब गाडी त्याशिवाय वळत नाही. तिथलं एक झाड जाईल. तूदाचं."

तूदाचं ते एकच झाड होतं.

नळासाठी दोन वर्षं भांडली ती तूदा, आणि अकराच्या अकरा झाडं वाचली असताना गेलं ते हिचंच. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "माझ्या आईने दिलं होतं ते," ती म्हणाली. मग तिने नाक ओढलं. "जाऊ दे. तोडा. नळ मीच मागितला होता."

रकिया उठली. "जमातीने ऐकावं. माझ्या चारातलं उगवतीकडचं झाड आजपासून तूदाचं. तिचं, आणि तिच्यानंतर तिच्या लेकीचं."

तूदाने डोळे पुसले. "उगवतीकडच्याला फळं कमी लागतात."

"बघा, बघा हिचा हावरटपणा!" रकिया म्हणाली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. "बरं बाई, मधलं घे. सगळ्यात दांडगं आहे."

बिहीने जमिनीवर काठी आपटली. ठरलं.

पुढच्या वर्षी सातवी पवनचक्की फिरू लागली. तिची घरघर गावाला ऐकू येते, शेळ्या तिची सावली चुकवून चरतात, आणि वळणावर बुंध्याची जागा अजून उघडी दिसते. पण नळाला पाणी आहे. तूदा आता झऱ्यावर जाते ती फक्त गप्पा मारायला.

मित्रांनो, नवनव्या पवनचक्क्या जरूर उभारा. जगाला वारा हवा आहे आणि वाऱ्यालाही काम हवं आहे. पण आधी नीट मोजा, घाई करू नका. आणि ज्याचं झाड जाणार असेल, त्याचं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने घ्या, पत्राने कळवू नका. वारा किती होता ते मी अचूक सांगितलं. झाड केवढ्या मोलाचं होतं ते मात्र तूदाने सांगितलं, तेव्हाच कळलं.