डाव्या हाताचं उत्तर

मुलाच्या, कोबिनाच्या पत्राला बेन्सिल मास्तरांनी चार वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. ते आठवलं नेमकं चालण्याच्या सरावाच्या दोन लाकडी दांड्यांच्या मधोमध, आणि उजवा गुडघा लटकन दुमडला.

"पडा, पडा!" कमरेचा पट्टा मागून खेचत अराबा ओरडली. "लक्ष कुठंय मास्तर? टाच आधी टेका म्हणून तीन आठवडे घसा कोरडा करतेय. पोतं ओढल्यासारखा पाय ओढता!"

"माझ्या वर्गात असतीस तर..."

"तर छडी खाल्ली असती. अख्ख्या केप कोस्टला माहितीये. चला, पुन्हा."

फिजिओथेरपीच्या या पोरीचा मास्तरांना मनस्वी राग येई. आठवड्यातून सहा दिवस, रोज दोन तास. खुर्चीतून उठा, बसा, उठा. लुळ्या पायावर भार द्या. जमिनीवरच्या खडूच्या रेघा ओलांडा. काठी सोडून दहा आकडे उभे राहा. शाळा सुटली की पुस्तकात तोंड खुपसणाऱ्या माणसाला चारचौघांत असं धडपडणं जिवावर येई.

पत्र जेमतेम चार ओळींचं होतं. 'बाबा, मुलगी तीन वर्षांची झाली. डाव्या हातानं जेवते. तिला तुमच्याकडे आणू का? की तिचाही हात बांधाल?'

कोबिनाचा डावा हात मास्तरांनी त्याच्या लहानपणी दोन वर्षं फडक्यानं पाठीशी बांधून ठेवला होता. घानात डाव्या हातानं दिलेलं कुणी घेत नाही, डावा पुढं करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. मग पोराला वळण लावायचं नाही? काय लिहावं ते सुचेना, आणि न सुचण्याला मास्तर 'विचार चाललाय' म्हणत राहिले. मग यंदा जानेवारीत अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजूच गेली.

काल त्यांनी डाव्या हातानं उत्तर लिहिलं. अक्षर पहिलीतल्या पोराचं.

"द्या इकडे, मी टाकते," अराबा म्हणाली. "घरी जाताना पोस्टावरूनच जाते."

"नको. मी जाणार."

"उतार आहे. दोनशे पावलं. पडलात तर तुमची बहीण माझ्या नावानं बोंबलेल."

"बोंबलू दे. तू चालायला शिकवतेस की नुसतं बडबडायला?"

अराबानं पट्टा आवळला, गरजेपेक्षा जरा जास्तच.

उतारावर ती एकसारखी टोचत होती. "पाय आत वळतोय. टाच! टाच म्हटलं ना!" मास्तर दातओठ खात होते. पोस्टाच्या खिडकीशी पोचेपर्यंत शर्ट अंगाला चिकटला.

उजवा हात गळ्यातल्या झोळीत, काठी डाव्यात, पत्र खिशात. पत्र द्यायचं तर काठी सोडायला हवी.

"मी देऊ?"

"हात लावू नकोस."

"बरं." तिनं खरंच पट्टा सोडला आणि मागं सरकली. "दहा आकडे. भार उजव्यावर."

मास्तरांनी काठी खिडकीच्या कठड्याला अडकवली. एक. पत्र काढलं. दोन. आत सरकवलं. तीन.

कारकुनाला उंच कठड्यामुळे झोळी दिसत नव्हती. त्यानं हात मागं घेतला. "डावा, नाना? एवढं वय झालं, कुणी शिकवलं नाही?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांचे कान तापले. चार. पाच.

"निदान 'डाव्या हाताची माफी' एवढं तरी म्हणा!" कारकून म्हणाला.

तेवढं म्हटलं की झालं. हीच माफी त्यांनी चाळीस वर्षं पोरांकडून घोकून घेतली होती. त्यांनी उजवी टाच घट्ट टेकवली. सहा.

"माफी आत लिहिलीय," मास्तर म्हणाले. "ज्याची आहे त्याला पोचव."

सात. कारकुनानं पत्र दोन बोटांनी ओढलं आणि शिक्का हाणला. आठ. नऊ.

दहा झाले तरी अराबानं पट्टा धरला नाही, आणि मास्तरांनी काठीकडं हात नेला नाही.