बारावा स्वार

बारा घोडे, अकरा स्वार. डेस्मंडने जेवणाच्या टेबलावर पुन्हा मोजले. एक घोडा रिकामाच.

चूक त्याचीच. प्लॅस्टिकचं पायदळ गरम पाण्यात बुडवायचं, मऊ झालेले पाय फाकवायचे आणि घोड्यावर चढवायचं, असं त्याचं घोडदळ तयार होई. बाराव्याला त्याने आळसाने स्वतःच्या चहात टाकलं आणि विसरून चमच्याने ढवळलं. दोन्ही पाय मोडले. तसले शिपाई आता मिळत नव्हते, आणि रविवारी नॉटिंगहॅमच्या क्लबात खेळण्यातल्या सैन्यांच्या लढाया होत, तिथे बाराखालच्या पथकाला घेत नसत.

कुंपणापलीकडे शेजारी नेव्हिल खो खो हसला. "जन्मभर माझ्या माळ्यावरच्या छोट्या रेल्वेला पोरखेळ म्हणालास. आता कसा आलास दारात?"

"एक बसलेला प्रवासी दे रे. तुझ्या फलाटावर नुसते बसूनच तर असतात सगळे."

"मग? हुबेहूब खऱ्यासारखी रेल्वे आहे माझी."

माळ्यावरच्या स्टेशनातून त्याने काडेपेटीत घालून एक प्रवासी आणून दिला.

घरी येऊन डेस्मंडने पेटी उघडली. हिरवा कोट घातलेली बाई. कोटाचं फक्त वरचं बटण लावलेलं. नेव्हिलची बायको बेरिल वारेपर्यंत तसाच कोट घालायची, तशीच.

तो तडक कुंपणाशी गेला. "अरे, भलतीच पेटी दिलीस."

"नाही, तीच. रेल्वेचा कंटाळा होता तिला. घोडे म्हटले की मात्र निघालीच!" नेव्हिल गुलाबाची फांदी छाटत राहिला. "दे निळा रंग फासून. कुणाला कळतंय."

डेस्मंडने निळ्यात ब्रश बुडवला, कोटाजवळ नेला आणि पुसून टाकला. मग गणवेशांचं पुस्तक काढून पानं उलटत बसला. फ्रेंच हलकं घोडदळ सापडलं: हिरवे कोट. बाईच्या डोक्यावर त्याने पुट्टीची उंच टोपी चढवली, हातात तलवार दिली. मग वाळलेले अकरा निळे कोट एकेक करून हिरवे केले.

रविवारी नेव्हिल पहिल्यांदाच क्लबात आला. पथकाकडे बराच वेळ बघत राहिला.

"निळे होते ना रे?"

"पुस्तक नीट वाचलं नव्हतं," डेस्मंड म्हणाला आणि मोजायची फीत त्याच्या हातात ठेवली. "घोडदळाची एका चालीतली धाव अठरा इंच. बाकीचे मी सरकवतो. शेवटचा तू घे."

नेव्हिलने फीत टेबलावर ताणली, दोन बोटांनी घोडा उचलून पुढे ठेवला. वाकून पुन्हा मोजलं.

अठरा इंच.