एका गटावर एकच नाव

अकरा वाजून नऊ मिनिटांनी नीलांबरीनं वेबसाइट स्वतःच्या हातानं बंद केली. चालू होऊन तिला नऊच मिनिटं झाली होती.

फोन मात्र बंद होईनात. राहुरीजवळच्या या शेतकरी कंपनीनं कांद्याच्या बियाण्याची नोंदणी यंदा प्रथमच ऑनलाइन ठेवली होती. अकरा ते बारा, एकच तास. पुण्यातली नोकरी सोडल्यावर नीलांबरीनं स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलं काम, आणि पहिल्याच घासाला खडा. जमिनीच्या एका गट नंबरवर एकानं नोंदणी केली, की त्या गटातल्या दुसऱ्याचं नाव फॉर्म घेतच नव्हता. वाटण्या झाल्या तरी सातबारा सामाईक, असे भाऊ तर गावोगाव. वेबसाइट चालू ठेवली असती तर ते अडकून राहिले असते आणि बी बाकीच्यांनी संपवलं असतं.

"मॅडम, ती एक ओळ काढून टाका की," चेअरमन आबासाहेब म्हणाले.

"सर्व्हरवर ती ओळ नाहीच, आबासाहेब. तिथं कंपाइल झालेला तयार माल असतो."

भाजलेल्या भाकरीत मीठ घालता येत नाही, तसंच हे. मूळ कोड तिच्या लॅपटॉपवर. तिथं दुरुस्ती करायची, सगळं नव्यानं कंपाइल करायचं आणि सगळंच्या सगळं पुन्हा वर चढवायचं.

"किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं. नेट टिकलं तर."

"आन् न्हाई टिकलं तर?"

तिनं लॅपटॉप उघडून दुरुस्तीला हात घातला.

"एका गटावर एकच नाव, हे सांगितलं कुणी तुम्हाला?"

सांगितलं होतं गोरक्षनं. बारा वर्षं या ऑफिसात कारकुनी करणारा माणूस. मार्चमध्ये तिनं विचारलं, तेव्हा क्षणाचाही विचार न करता "एकच" म्हणाला होता. आता तो कपाटापाशी मान खाली घालून उभा होता. नीलांबरीला त्याचा असा राग आला होता की नाव अगदी ओठांवर आलं.

"माझीच चूक," ती म्हणाली. "मी खात्री करायला हवी होती."

आबासाहेब फोन घ्यायला बाहेर गेले. गोरक्ष जवळ आला.

"माझंबी अडकलंय, मॅडम. थोरल्या भावानं आधी भरलं. आदिनाथनं."

"म्हणजे तुमचाही गट सामाईक? मग एकच नाव कसं सांगितलंत?"

"वडील हुते तवर एकच हुतं. तोंडात तेच बसलंय." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "पाच वर्षं झाली, बोलत न्हाई आमी."

एव्हाना नव्या फाइली सर्व्हरवर चढत होत्या. साठ टक्क्यांवर आकडा अडला. एक मिनिट. दोन मिनिटं. हाताला काही उद्योग हवा म्हणून नीलांबरीनं आधीच्या नोंदी शाबूत आहेत ना, ते पाहायला घेतलं. दोनशे बारा नोंदी. शेऱ्याचा रकाना बहुतेकांनी रिकामाच सोडलेला. गट तीनशे अठरा, आदिनाथ, अकरा वाजून एक मिनिट. याचा मात्र भरलेला होता.

तिनं लॅपटॉप गोरक्षकडे वळवला.

'निम्मं बी गोरक्षच्या घरी टाकावं.'

गोरक्षनं ते वाचलं. ओठ हलवत पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिला.

एकसष्ट. सत्तर. नंतर आकडा थांबला नाही. अकरा अडतीसला वेबसाइट सुरू झाली, तेव्हा नीलांबरीनं जणू अर्ध्या तासानं श्वास सोडला.

"झालं! वांबोरीच्या दोघा भावांचं झालं!" आबासाहेब फोन कानाला लावूनच आत आले. "गोरक्षा, आता तुझं भर आधी. बी संपंल."

टेबलावरचा फोन वाजत होता. गोरक्षनं तो उचलला आणि रिसीव्हरवर हात ठेवला.

"माझं भरलंय," तो म्हणाला.