जिवंत माणसाची तसबीर

मी एक जुनी तसबीर आहे. काळी लाकडी चौकट, आत काळ्या-पांढऱ्या रंगातला एक देखणा चेहरा आणि खाली उदबत्तीच्या राखेने भरलेली वाटी. मित्रांनो, अशी तसबीर भिंतीवर दिसली की माणूस गेला असेच कोणीही समजेल. माझी लाज तिथूनच सुरू होते. ज्यांचा चेहरा माझ्यात आहे ते गेलेले नाहीत. ते पलीकडच्या टेबलावर बसून पावाला लोणी लावत आहेत.

त्यांचे नाव फुंग कम-शिंग. शाम शुई पो वस्तीतल्या या चहाच्या दुकानात सगळे त्यांना शिंगकाका म्हणतात. तरुणपणी त्यांनी 'लोखंडी गल्ली' नावाच्या गुन्हेगारी सिनेमात आठव्या दादाचे, म्हणजे टोळीच्या म्होरक्याचे, काम केले. शेवटी दादा मारला जातो आणि अंत्यविधीच्या प्रसंगात भिंतीवर त्याची तसबीर दिसते. ती तसबीर म्हणजे मी. फोटोवाला ओरडला होता, "हसू नका हो, मेलायत तुम्ही!" तरी काका ओठांच्या कडेला थोडेसे हसलेच. पुढे लोक त्या हसण्यावर फिदा झाले.

आमच्याकडे एक रीत आहे. जिवंत नटाची अशी तसबीर वापरली, की काम संपताच त्याच्या हातात पैशांचे लाल पाकीट ठेवायचे, म्हणजे अशुभ टळते. तसबीर मात्र लाल कागदात गुंडाळून जाळून टाकायची. काकांना पाकीट मिळाले. मला जाळायचे राहिले. प्रसंग पुन्हा घ्यावा लागला तर असू दे, म्हणून मला बाजूला ठेवले, आणि नंतर सिनेमा असा धो धो चालला की काडी ओढायला कोणी धजेना. काका रोज जिथे चहा घेत, त्या दुकानात मला टांगले गेले.

काकांच्या आई एकदाच दुकानात आल्या आणि मला बघून उंबऱ्यावरच थबकल्या. "थू थू थू! जित्या पोराला भिंतीवर टांगता होय रे? काढा ते आधी!"

"अगं आई, नाव झालंय माझं," काका हसत म्हणाले.

"नाव त्याचं झालंय, मेलेल्याचं. तुझं कुठं झालंय?"

तेव्हा तिचा मला राग आला होता. आता वाटते, म्हातारी खरे तेच बोलली. लोक मला बघायला येत, माझ्यापुढे उदबत्ती लावत, संत्री ठेवत, माझ्याबरोबर फोटो काढत. काकांना मात्र प्रेताची किंवा पहारेकऱ्याची कामे मिळत, आणि पुढे तीही बंद झाली. दादा मेलेला सगळ्या शहराला माहीत होता. त्याला काम कोण देणार? एका पाहुण्याने तर काकांच्याच टेबलावर वाकून विचारले, "हे नट कधी गेले हो?" काका पाव चावत म्हणाले, "झाली बरीच वर्षं." मला भिंतीत शिरावेसे वाटले, पण खिळ्यावरच्या तसबिरीला तोंड लपवता येत नाही.

परवा बातमी आली, की 'लोखंडी गल्ली'चा दुसरा भाग निघणार. दुकानात नुसता गोंधळ.

"कशाला?" टॅक्सीवाला पिउ म्हणाला. "चोथ्यातून पुन्हा चहा काढायचा? दादा मेला, पिक्चर संपला."

"जुळा भाऊ निघू शकतो," काका हळूच म्हणाले. "सिनेमात निघतो."

"काका, एवढी वर्षं तो भाऊ काय संडासात बसला होता?"

सगळे हसले. काकाही हसले. पण दुसऱ्या दिवशी ते केस काळे करून आले, माझ्या केसांसारखेच. कानावर रंगाचा ठिपका राहिला होता. दुकानाच्या मालकीण लानमावशींनी तो पाहिला आणि फडका पुढे केला, पण ठिपका काही निघाला नाही. त्या क्षणी मला कळले, की काकांना खरोखरच काम हवे आहे.

मग दिग्दर्शक आला. होई-चुन त्याचे नाव, पोरगेलासा, नम्र. आल्या आल्या त्याने माझ्यापुढे तीन उदबत्त्या लावल्या आणि कमरेत वाकून नमस्कार केला. काका त्याच्या कोपराशीच बसले होते.

"अरे बाबा," लानमावशी कडाडल्या, "ज्याला धूर घालतोयस ना, तो इकडे खोकतोय बघ!"

पोरगा गोरामोरा झाला. मग काकांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "काका! मी दादांमुळे सिनेमात आलो हो!"

काकांनी मान ताठ केली, डोळे अगदी आठव्या दादासारखे बारीक केले. "मग या भागात दादाचं काही…?"

"दादाच तर सगळं आहेत! सगळा सिनेमा त्यांच्या नजरेखाली घडतो. भिंतीवर हीच तसबीर. तुम्हाला काही तसदी नाही काका, यायचीसुद्धा गरज नाही." आणि त्याने आदराने, दोन्ही हातांनी, लाल पाकीट पुढे केले.

मित्रांनो, मला काम मिळाले होते. माझा धनी समोर केस रंगवून बसला होता, आणि काम मला मिळाले होते.

काकांनी पाकीट घेतले नाही. "एका मरणाचं पाकीट एकदाच घेतात, पोरा. ते माझं घेऊन झालंय."

पोरगा वरमून निघून गेला. लानमावशींनी मला खिळ्यावरून काढले आणि लाल कागद शोधू लागल्या. "आज जाळतेच हिला. तुमच्या आईचं ऐकायला हवं होतं."

जाळा, मी मनात म्हटले, एकदाची जाळा.

"नको गं," काका म्हणाले. "मी खरा जाईन तेव्हा लागेल. माझा दुसरा चांगला फोटो कोणी काढलाच नाही."

लानमावशींनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी एप्रनच्या खिशातून फोन काढला. "तोंड पुसा. लोणी लागलंय."

"असू दे."

"हसा तरी!"

"मेलो नाहीये ना आता?" म्हणून काका जे हसले, ते सगळे दात दाखवून.

आता मी लाल कागदात, गल्ल्याच्या मागे आहे. माझ्या खिळ्यावर लोणी लागलेल्या ओठांचा, कानावर रंगाचा ठिपका असलेला म्हातारा हसतो आहे. होई-चुन काल पुन्हा आला. उदबत्ती काढली, वर पाहिले, आणि तशीच खिशात ठेवली. मग काकांच्या समोरची खुर्ची ओढून त्याने दोन चहा सांगितले. ते काय बोलले ते कागदातून मला नीट ऐकू आले नाही. काम मिळेल की नाही, कोण जाणे.

त्या सिनेमाला दुसरा भाग हवा होता का, हे मला सांगता येत नाही. माणसाला हवा होता, आणि त्याच्या वाटेत मी टांगलेली होते. म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे: कोणाच्या तसबिरीपुढे हात जोडण्याआधी जरा मागे वळून बघा. तो माणूस तिथेच बसून चहा पीत असेल.