ट्रिमची पहिली पायरी

मेधाच्या पायाला शनिवारी सकाळपासून भिंगरी लागली होती. आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात आठवडाभर राबणारी ही बाई सुट्टीच्या दिवशी घरी टेकेल तर शपथ! सकाळी बाबांना मॉनेस्टरबॉइसचे उंच दगडी क्रॉस दाखवले, चहाचा घोट धड घशाखाली उतरू दिला नाही, तोच निघाली गाडी ट्रिमच्या किल्ल्याकडे.

हौस कसली, परीक्षा होती ती. सोमवारी बाबांचं परतीचं विमान. आई गेल्यापासून साताऱ्याला ते एकटेच राहत, आणि इथे आल्यावर महिनाभरात दोनदा त्यांनी गॅसवर रिकामं पातेलं तापत ठेवलं होतं. त्यांना एकटं पाठवायचं की नाही, हे तिला आजच ठरवायचं होतं. डॉक्टर मंडळी सख्ख्या बापालाही सोडत नाहीत!

“बाबा, आज वार कोणता? सकाळी काय पाहिलं?”

बाबांनी कोटाच्या खिशात हात घातला, खिडकीकडे वळले. “शनिवार. दोन उंच क्रॉस, तिसरा मोडका. अगं, तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी!”

बरोबर होतं सगळं. तरी तिची खात्री काही पटेना.

ट्रिमला बुरुजाच्या पहिल्या पायरीला हात लावून बाबांनी तो कपाळाला लावला. शाळेची पोरं घेऊन गड चढायचे, तेव्हाची सवय.

“बाबा, हा काय अजिंक्यतारा आहे?”

“किल्ला तो किल्ला. इथंही कुणाची तरी पोरं पहाऱ्याला उभी राहिलीच असतील.”

तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. बाबा कोट तिच्या हातात देऊन गाइडच्या घोळक्याबरोबर वर गेले. फोन संपवून तिने कोट घडी करायला घेतला, तर खिशातून छोटी वही पडली.

‘आज शनिवार. सकाळी मॉनेस्टरबॉइस. दोन क्रॉस उंच, तिसरा मोडका. आता ट्रिम. जावई पियूष. मेधा विचारेल, चिडायचं नाही. पास झालो तर सोमवारी घरी.’

मेधाला भडभडून आलं. बापाला कॉपी करायची वेळ आणली आपण, मेली कसली डॉक्टर मी!

बाबा खाली आले ते हसतच. पायरीशी थांबले, वाकले, पुन्हा हात कपाळाला लावला. “चढताना राहिलंच होतं बघ.”

वही तिच्या हातात पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“मग? नापास?”

“सोमवारी जायचं, बाबा. मी येतेय बरोबर.”

“आणि रजा?”

“मागते. नाही कशी देतील!”

बाबांनी वही घेतली, पेन काढलं आणि बुरुजाच्या भिंतीला वही टेकवून लिहिलं, ‘सोमवारी मेधा बरोबर येणार.’ मग जरा घुटमळले, आणि ‘मेधा’च्या वर, बारीक अक्षरात, लिहून ठेवलं, ‘मुलगी’.