भोंगवलीच्या खळ्यावरचे भुस्कट

मित्रांनो, मी एक जुने, दोन उघड्या आसनांचे विमान आहे. नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड, एवढाच माझा देह. उडायला शिकणारी मुले मला आपटत उतरवीत आणि मी निमूट सोसत असे.

१९६८ साली, ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत, भोरची शिकाऊ वैमानिक सौदामिनी मला एकटीच घेऊन निघाली. भोंगवलीवर माझे इंजिन धापा टाकू लागले. खाली मोकळे रान होते. कडेच्या खळ्यावर बायका तिपाईवर उभ्या राहून सुपाने ज्वारी वाऱ्यावर उफणत होत्या. भुस्कट पूर्वेला उडत होते, म्हणजे वारा पश्चिमेचा.

विमानाने वाऱ्याला सामोरे उतरावे. म्हणून सौदामिनी रानाच्या पूर्वेच्या टोकाकडे वळसा घेऊ लागली. तेवढ्यात भुस्कट दिसेनासे झाले. वारा पडला की उफणणी थांबते, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. वारा पडला असे समजून तिने वळसा सोडला आणि मला जवळच्याच पश्चिम टोकाने उतरवले.

पण वारा पडला नव्हता. तो मला मागून ढकलत राहिला. मी बांधावर आदळले. नाकावरचा पंखा मोडला, चाक निखळले, सौदामिनीच्या कपाळाला खोक पडली.

खळ्यावरची वडीलधारी ठकुबाई धावत आली. पदर फाडून तिने खोक बांधली.

"मावशी, वारा पडला होता ना?"

"न्हाई ग. तुजं इमान दिसलं अन् आमचं हातच थांबलं."

"इमान हाकनारी पोरगी रोज दिसती व्हय?" शेजारची सरूबाई म्हणाली.

ठकुबाईचा चेहरा उतरला. "म्हंजी आमच्यापायी पडलीस, बाय."

"नाही मावशी, मीच घाई केली. आता मी पुन्हा उडणार नाही."

"गाडी उलटली म्हून बैल कुनी इकतं का? ये पुन्यांदा. आमी वर बगनार न्हाई."

माझी दुरुस्ती झाली. सौदामिनी येई, माझ्या पंखावर हात ठेवून उभी राही आणि परत जाई. पुढच्या मळणीला मात्र ती आत बसली. आम्ही भोंगवलीवर आलो. खळे भरलेले होते. एकही मान वर झाली नाही. सरूबाईने तेवढे पदराआडून पाहिले, पण तिचेही सूप हलतच होते. भुस्कट पूर्वेला सरळ उडत होते. सौदामिनी डोळे पुसत हसली.

आता मी छपराखाली असते. मुलांनो, माझ्या कापडावर नावे कोरू नका, ते फाटते. आणि कोणी धडपडत खाली येत असेल, तर नुसते पाहत राहू नका. हातातले काम चालू ठेवा. वारा कुठला, हे त्याला त्यावरूनच कळते.