पहिल्या पट्टीचा गारवा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर काचेची पेटी, पेटीत एका फळीवर पोलादी पट्ट्यांची उभी रांग आणि मागे डोळे मिटून बसलेले आचार्य.

"प्रत्येक पट्टी तिच्या मागच्या पट्टीमुळे पडते," आचार्य संथ सुरात म्हणाले. "मग पहिलीला कोण पाडतं? विश्वाला पहिला धक्का कुणी दिला? इथे विज्ञान गप्प बसतं. आपणही बसू. तो बोलेल."

सगळे चिडीचूप झाले. बऱ्याच वेळाने पहिली पट्टी, कुणी बोटही न लावता, पुढे कलली आणि खडखडत सगळी रांग आडवी झाली. अनेकांचे डोळे भरून आले.

डॉक्टरबाईंचे मात्र बारीक झाले. त्या आल्या होत्या धाकट्या भावासाठी. शाळेत गणित शिकवणारा हा भाऊ लहानपणापासून इन्सुलिनवर जगत होता. आचार्यांनी त्याला सांगितलं होतं, "ज्याने विश्व हलवलं, त्याला तुझं स्वादुपिंड हलवणं काय जड?" त्याने डोस निम्म्यावर आणला होता. उद्यापासून पूर्ण बंद.

सेवकाने पहिली पट्टी फडक्याने पुसली आणि दर्शनाला फिरवली. डॉक्टरबाईंनी तिच्या खालच्या कडेला बोट लावलं. चटका बसावा इतकी गार.

"कर्त्याचा स्पर्श," भाऊ कुजबुजला. "आणि बघ ताई, पेटीत पाण्याचा थेंब नाही. बर्फ असता तर ओल नसती?"

"बर्फाचं नाव मी कुठे काढलं?"

"मी काय डोळे मिटून येतो? पहिल्याच दिवशी तपासलंय."

"मग पुसतात कशाला?" डॉक्टरबाई म्हणाल्या. भावाने ते ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या सैल झाकणाचा थर्मास घेऊन भावाच्या स्वयंपाकघरात हजर झाल्या. त्याला तोंड फिरवायला लावून त्यांनी ओट्यावर त्याची जाडजूड पुस्तकं रांगेत उभी केली. रांगेच्या सुरुवातीला एका फळीवर उभा ठेवलेला चपटा पत्र्याचा डबा.

"आता बघ."

"मंत्र म्हणणार?"

"छे. तुला बोलणी ऐकवणार. आईचा फोन उचलत नाहीस. बायकोला सांगतोस, ताईला कळवू नकोस. लाज कशी वाटत नाही रे तुला?"

भाऊ उत्तराची जुळवाजुळव करत होता, तोवर डबा कलला आणि पुस्तकं धडाधड कोसळली.

"तू हात लावलास."

"माझे हात तुझ्यासमोर होते. डब्याची खालची कड बघ."

त्याने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

डॉक्टरबाईंनी थर्मासमधून चमच्यावर एक पांढरा, धुरकट खडा काढला. "कोरडा बर्फ. आमच्या प्रयोगशाळेत बाहेरगावचे नमुने यात घालून येतात. याचं पाणी होत नाही, सरळ वायू होतो. फळी पुढे उतरती आहे. डब्याची पुढची कड खड्यावर टेकवली होती. खडा उडून गेला, डबा पुढे आला. गार कडेवर हवेतलं दव धरतं, म्हणून तिथे पट्टी पुसतात."

"हे तू केलंस. त्यांनीही असंच केलं, हे सिद्ध कुठे झालं?"

"रास्त आहे. मग पेटी उघडून फळीचा उतार मोजू द्या म्हणावं."

भाऊ पुस्तकं उचलू लागला. "विचारलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "फळीला हात लावला तर तो रुसेल म्हणाले."

"विश्व हलवणारा फळी मोजली की रुसतो?"

भावाला हसू आलं, पण लगेच त्याने मान वर केली. "ताई, मग विश्वाला पहिला धक्का कुणी दिला?"

"मला माहीत नाही. धक्का लागतोच का, हेही माहीत नाही. आणि सगळ्याला कारण लागतं म्हणणाऱ्याने देवाचंही कारण सांगायला हवं. त्यावर तू म्हणशील तेवढं भांडू. पण आचार्यांनाही ते माहीत नाही. माहीत असतं तर त्यांना बर्फ कशाला लागला असता?"

विश्व कसं सुरू झालं, हा प्रश्न खरा आहे आणि मोठा आहे. तो विचारत राहावा, आणि 'माहीत नाही' म्हणायला लाजू नये. मात्र त्या रिकाम्या जागेत कुणी खुर्ची टाकून बसला, म्हणून तुमचं औषध बंद करण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. उत्तर सांगणाऱ्याला एवढंच म्हणावं, पेटी उघडा.

भावाने फ्रिजमधून इन्सुलिन काढलं.

"आधी साखर तपास," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तपासतो. संध्याकाळी सभेला येशील?"

"कशाला?"

"तू पहिली पट्टी धर," दप्तरातला कोनमापक शोधत तो म्हणाला. "उतार मी मोजतो."